जुनी मैत्रीण, बेतीचा भोंगा आणि न जुळणारे एक साल

प्रश्न: मांडवीपलीकडची

तीसेक वर्षांनी माझी बालमैत्रीण गेल्या चवथीला घरी येऊन गेली. आम्ही दोघी बेतीला एकाच वाड्यावर वाढलो. तिचे वडील बँकेत होते. १९९३ साली त्यांची पुण्याला बदली झाली आणि ते कुटुंब कायमचे तिकडे गेले. सुरुवातीला पत्रे होती, मग नुसती दिवाळीची शुभेच्छापत्रे, आणि पुढे संसाराच्या रगाड्यात तीही थांबली. यंदा ती अचानक फोन करून आली, सोप्यावर बसून आम्ही दिवेलागणीपर्यंत बोललो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ भोंग्यावर गेला.

भोंगा हा आमचा कुत्रा. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि पणजीला जाण्यायेण्यासाठी बार्देशातल्या लोकांची सारी भिस्त बेतीच्या फेरीबोटीवर आली, त्या गर्दीच्या दिवसांत हे पिल्लू आम्हांला धक्क्यावर सापडले. बोट सुटताना भोंगा वाजला की हा मान वर करून त्याच सुरात रडायचा, म्हणून त्याचे हे नाव. रात्री तो आमच्या पायरीवर निजत असे आणि दुपारी हक्काने तिच्याकडे जेवत असे. सकाळी मालीमच्या जेटीवर ट्रॉलर लागले की तिथून बांगड्याचे एखादे डोके पळवायचे आणि ते नेमके तिच्या आजीच्या तुळशीवृंदावनामागे पुरायचे, हा त्याचा नेम होता. आजी मासळीचा वासही सहन करत नसे, आणि तरीही दुपारचा दूधभात त्याला तिच्याच हातचा मिळायचा. त्याच्या डाव्या कानाचा शेंडा कुठल्याशा भांडणात तुटलेला होता. झोपेत तो अर्धा कान सारखा थरथरत असे आणि आम्ही दोघी त्यावर गवताची काडी फिरवत बसायचो.

आता अडचण सांगते. बोलता बोलता ती म्हणाली की कॉलेजात असताना, आई गेल्यानंतरच्या सुटीत, ती कोकण रेल्वेने एकटीच गोव्यात आली होती. आमच्या घराला कुलूप होते. पायरीवर भोंगा बसला होता. त्याने तिला ओळखले, तिच्या पायांवर डोके ठेवून तो कितीतरी वेळ पडून राहिला आणि परत निघाल्यावर धक्क्यापर्यंत सोडायला आला. हे सांगताना तिचा आवाज बदलला. आईच्या मृत्यूनंतर आपण पहिल्यांदा मोकळेपणी रडलो ते त्या पायरीवर, असे ती म्हणाली.

माझ्या आठवणीप्रमाणे भोंगा १९९७ च्या पावसाळ्याच्या तोंडावर गेला. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. मी त्या वेळी काहीच बोलले नाही. परंतु ती पुढच्या महिन्यात पुन्हा येत आहे आणि भोंग्याच्या आठवणी आपण दोघींनी मिळून एका वहीत लिहून काढाव्यात, असा तिचा आग्रह आहे. जी भेट होणेच शक्य नव्हते असे मला वाटते, ती त्या वहीत माझ्या संमतीने लिहिली जावी का? की मी तिला साल सांगावे? ज्यांच्यावर असा प्रसंग आला असेल, त्यांनी कृपया मत द्यावे.

उत्तर: कुळे ते वास्को

मैत्रीविषयी सांगण्याचा अधिकार मला नाही, परंतु रेल्वेत आयुष्य गेल्यामुळे तुमच्या पुराव्याविषयी बोलणे भाग आहे. पुण्याहून गोव्यात येणाऱ्या मुलीने कोकण रेल्वेच पकडली असेल, हे तुम्ही कशावरून धरले? पुण्याची गोव्याला येण्याची जुनी वाट मिरज, बेळगाव, लोंढा आणि मग ब्रागांझा घाट उतरून कुळे अशी आहे. गोवा एक्सप्रेस आजही पुण्याहून याच वाटेने वास्कोला येते. हा मार्ग पोर्तुगीज काळात, १८८० च्या दशकात, मुरगाव बंदरासाठी बांधलेला आहे आणि नव्वदच्या दशकात मीटरगेजचे ब्रॉडगेज होईपर्यंत लोक मिरजेला किंवा लोंढ्याला गाडी बदलून सर्रास याच मार्गाने येत असत. कोकण रेल्वे त्या मानाने कालची. पेडण्याच्या बोगद्यातल्या भुसभुशीत मातीने शेवटपर्यंत छळले नसते, तर तीही थोडी आधी आली असती; असो.

आज मात्र गोव्यात शिरणाऱ्या कुठल्याही गाडीला लोक बिनदिक्कत कोकण रेल्वे म्हणतात. आमच्या कुळ्याच्या स्टेशनवर उभे राहून 'कोकण रेल्वे किती वाजता येते' असे विचारणारे प्रवासी मी पाहिलेले आहेत. तेव्हा तुमच्या मैत्रिणीने वापरलेल्या शब्दावरून साल ठरवू नका. ती कोणत्या स्टेशनवर उतरली, हे विचारा. थिवी किंवा करमळी म्हणाली तर ती कोकण रेल्वेनेच आली, यात शंका नाही. वास्को म्हणाली तर बहुधा लोंढ्याहून. मडगाव म्हणाली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण दोन्ही मार्ग तिथे मिळतात. मग वाटेत दूधसागर दिसला होता का, एवढे विचारावे. दूधसागर फक्त घाटातल्या मार्गावरून दिसतो आणि तो पाहिलेला माणूस सहसा विसरत नाही.

उत्तर: स्मृतीची मास्तरीण, म्हापसा

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडे लांबण लावते.

तुम्ही मैत्रिणीची आठवण तपासायला निघाला आहात आणि त्यासाठी मोजपट्टी म्हणून स्वतःची आठवण वापरत आहात. भोंगा १९९७ साली गेला, हे तुम्हांला कसे ठाऊक? बहुतेक माणसे घरगुती घटनांची साले थेट लक्षात ठेवत नाहीत. ती दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने बसवतात. 'त्या वर्षी कौले बदलली', 'त्या वर्षी काकांचे लग्न झाले', असे काहीतरी असते आणि त्या आधाराचे साल चुकले की त्याला बांधलेले सगळेच सरकते. पूल कोसळल्याची तारीख पक्की आहे, कारण ती वर्तमानपत्रांत आणि सरकारी कागदांत आहे. कुत्र्याच्या मृत्यूची तशी नोंद कुणी ठेवत नाही. आपला हा आधार कोणता आहे, ते आधी शोधा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या वर्षी मांडवीचा पूल पडला, त्याच वर्षी, २८ जानेवारी १९८६ रोजी, अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आत हवेतच फुटले. दुसऱ्याच दिवशी अल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने अटलांटामधल्या एमोरी विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली: ही बातमी तुम्हांला कुठे, कशी आणि कुणाकडून कळली? सुमारे अडीच वर्षांनंतर त्यांतल्या काही विद्यार्थ्यांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. जवळजवळ एक चतुर्थांश जणांचे नवे उत्तर जुन्या उत्तराशी एकाही मुख्य मुद्द्यावर जुळले नाही, आणि तरीही आपण सांगतो ते बरोबर आहे याची त्यांतल्या बहुतेकांना खात्री होती. मला त्यातला पुढचा भाग नेहमी अधिक विचार करायला लावतो. त्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातले जुने कागद दाखवले, तरी मूळ आठवण कुणाच्या मनात परत जागी झाली नाही. हातात राहिला तो फक्त पुरावा.

तुमच्या प्रश्नाला हे थेट लागू पडते. समजा, तुम्ही पुराव्यानिशी सिद्ध केलेत की भेट झाली तेव्हा भोंगा नव्हता. त्यामुळे मैत्रिणीला खरी आठवण मिळणार नाही. तिच्याजवळ जी आहे, ती मात्र तिला संशयाने पाहावी लागेल. ती पायरीवर बसून रडली, हे तर कुठल्याही सालाने खोटे ठरत नाही. म्हणून माझे मत असे की तारीख सांगू नका. तिला तो दिवस पहिल्यापासून सांगायला लावा आणि तुम्ही फक्त ऐका. 'घराला कुलूप होते तर किती वेळ थांबलीस, कुणी पाणी दिले का, भोंगा कुठून आला, तो कसा दिसत होता', असे साधे प्रश्न विचारावेत. 'भोंग्याचा तुटका कान थरथरत होता का', असे मात्र चुकूनही विचारू नये, कारण अशा प्रश्नातच उत्तर दडलेले असते आणि पुढच्या वेळी तो कान तिच्या आठवणीत नक्की थरथरू लागेल.

उत्तर: साखळीकर

वरच्या मास्तरीणबाईंचा मान राखून वेगळे मत देतो. मैत्रिणीच्या भावना जपायच्या म्हणून दोघींच्या नावाने लिहिलेल्या वहीत जे पटत नाही तेही निमूटपणे लिहू द्यायचे, हे मला रुचत नाही. त्यातून पुढे मनात अढी राहते. उपाय अवघड नाही. वही एक असावी, परंतु प्रत्येकीने आपापले पान आपल्या हस्ताक्षरात लिहावे आणि खाली सही करावी. भेटीचा प्रसंग तिच्या पानावर येईल, भोंग्याच्या मरणाचा तुमच्या. साल लिहायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या घरी वडिलांच्या आठवणी आम्ही भावंडांनी अशाच लिहिल्या आणि त्यांत एकाच बैलाचे तीन रंग झाले आहेत. कुणाचे काही बिघडले नाही.

उत्तर: पशुवैद्य, फोंडा तालुका

तारखांचा आणि मनाचा विचार वर झालाच आहे. भोंग्याच्या बाजूने मी काही सांगू इच्छितो.

कुत्रा इतक्या वर्षांनी माणसाला ओळखू शकतो का, तर निश्चित ओळखू शकतो. डार्विनने १८७१ साली स्वतःच्या कुत्र्याचा अनुभव लिहून ठेवला आहे. परक्यांवर धावून जाणाऱ्या त्या कुत्र्याला तो पाच वर्षे आणि दोन दिवसांनी भेटला. त्याने तबेल्याजवळ जाऊन पूर्वीसारखी हाक मारली. कुत्र्याने कसलाही आनंद दाखवला नाही, पण तो तत्काळ मागोमाग चालू लागला आणि जणू अर्ध्या तासापूर्वीच निरोप घेतला असावा तसा त्याचे ऐकू लागला. तुमच्या मैत्रिणीची गैरहजेरी त्याहून फार मोठी दिसत नाही. १९८६ चे पिल्लू त्या सुमारास दहा-अकरा वर्षांचे असणार. वाड्यावर मोकळ्या फिरणाऱ्या आणि जेटीवरची मासळी खाणाऱ्या कुत्र्यासाठी हे वय मोठे असले, तरी अशक्य मुळीच नाही. या वयात डोळ्यांवर सारा येतो, कान मंदावतात, परंतु नाक बऱ्यापैकी काम देत राहते. म्हातारा कुत्रा उड्या मारत नाही. तो जवळ येतो, हुंगतो आणि टेकून बसतो. तुमच्या मैत्रिणीने जे वर्णन केले, ते म्हाताऱ्या कुत्र्याच्या वागण्याशी चांगलेच जुळते, हे मला नोंदवावेसे वाटते.

उलट शक्यताही सांगितली पाहिजे. आपल्याकडच्या वाड्यावरचे गावठी कुत्रे एकमेकांसारखे दिसतात, शिवाय त्यांच्यात नातीगोतीही असतात: तोच तांबूस रंग, तीच वळलेली शेपटी. भोंगा गेल्यानंतर त्याच पायरीवर त्याचाच एखादा वंशज बसत असेल, तर वर्षांनी आलेल्या आणि डोळे भरून आलेल्या माणसाला तो भोंगाच वाटणे स्वाभाविक आहे. माणसाळलेला कुत्रा रडणाऱ्या अनोळखी माणसाजवळही जाऊन बसतो. माझ्या दवाखान्याच्या ओसरीवर हे मी अनेकदा पाहतो.

साल ठरवायचेच असेल तर एक कागद शोधा. आज मिशन रेबीजची माणसे जाळी घेऊन वाड्यावाड्यांवर फिरतात आणि भटक्या कुत्र्यांनाही जागेवर लस टोचतात. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाला, तो त्याच कामामुळे. नव्वदच्या दशकात असे काही नव्हते. ज्याला कुत्र्याची काळजी असे, तो त्याला दोरी बांधून स्वतः सरकारी दवाखान्यात घेऊन येई आणि तिथे मिळालेले लशीचे कार्ड देवघराच्या फळीवर किंवा रेशनकार्डाबरोबर जपून ठेवी. तुमच्या आईने तसे काही ठेवले आहे का ते पाहा. शेवटच्या लशीची तारीख म्हणजे त्या दिवशी कुत्रा जिवंत होता, एवढे तरी खात्रीने कळेल. त्यापलीकडचे ते कार्ड सांगणार नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर: मांडवीपलीकडची

सर्वांचे मनापासून आभार. तुम्ही सुचवलेल्यांपैकी काही गोष्टी या आठवड्यात करून पाहिल्या.

माझा आधार कौलांचाच निघाला. ज्या पावसाळ्याआधी आम्ही पुढच्या पडवीची कौले बदलली, त्याच सुमारास भोंगा गेला, एवढेच मला पक्के आठवते. ते साल १९९७ होते असे मी आजवर धरून चालले होते. आईला विचारले तर ती म्हणते की कौलांचे काम त्यानंतरच्या वर्षीचे. पावती सापडत नाही. लशीचे कार्ड मात्र खरोखरच मिळाले, तेही जुन्या रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत. नावाच्या जागी आईने 'भोंगा' असे लिहिले आहे आणि वयाच्या जागी 'माहीत नाही'. शेवटचा शिक्का १९९६ च्या डिसेंबरातला आहे.

मैत्रिणीशी फोनवर बोलले. मास्तरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे मी तिला तो दिवस पहिल्यापासून सांगायला लावला आणि मध्ये तोंड घातले नाही, जे मला अजिबात सोपे गेले नाही. स्टेशनचे नाव तिला आठवत नाही. परंतु गाडी घाटात थांबली तेव्हा डब्यातली माणसे एका बाजूच्या दारांशी गोळा झाली होती आणि खिडकीतून दूधसागर दिसला होता, हे तिने माझ्या न विचारताच सांगितले. शेजारच्या घरातून कुणीतरी तिला तांब्याभर पाणी आणि गूळ आणून दिला. कुत्रा कसा दिसत होता, असे विचारल्यावर ती बराच वेळ थांबली. तो पूर्वीपेक्षा बारीक वाटला आणि तोंडाभोवती पांढरा झाला होता, असे ती म्हणाली. कानाबद्दल ती आपणहून काही बोलली नाही आणि मीही विचारले नाही.

त्यामुळे ती भेट शक्य नव्हती, असे आता मला म्हणता येत नाही, आणि तो भोंगाच होता असेही सिद्ध झालेले नाही. तोंडाभोवतीचा पांढरेपणा मला पटतो, कारण शेवटच्या वर्षी तो तसा झाला होता आणि तिच्या कुटुंबाने बेती सोडली तेव्हा तसा मुळीच नव्हता. साखळीकरांची सूचना तिला सांगितली, ती तिने लगेच उचलली. आता पाने वेगवेगळी लिहायची, सह्या करायच्या आणि लिहून होईपर्यंत एकमेकींचे पान वाचायचे नाही, असे ठरले आहे. भोंगा गेला त्या दिवसाविषयी तिने मला आजवर काही विचारलेले नव्हते. परवा विचारले. मी म्हटले, माझ्या पानावर वाच.

उत्तर: कुळे ते वास्को

दूधसागर दिसला म्हणजे बाई आमच्याच मार्गाने आल्या, हे नक्की झाले. आता तो धबधबा कसा दिसत होता, एवढे आणखी विचारून घ्या. एप्रिल-मेच्या सुटीत असेल तर काळ्या कातळावर पाण्याच्या एकदोन बारीक धारा दिसतात आणि नवख्या माणसाचा थोडा हिरमोडच होतो. पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या सुटीत असेल तर पाणी पुलाच्या कमानींखालून फेसाळत जाते आणि तुषार डब्यात येतात. शेवटचा शिक्का डिसेंबर १९९६ चा आहे, भोंगा पावसाळ्याच्या तोंडावर गेला आणि ते साल ९७ की ९८ एवढाच वाद आहे, तर सुटी उन्हाळ्याची की दिवाळीची, यावरून तुम्हांला बरेच काही ठरवता येईल. मात्र ब्रॉडगेजच्या कामासाठी घाटातली वाहतूक काही काळ बंद होती, ते महिने हिशेबातून वगळा. वास्कोला त्या कामावर असलेले माझे एक जुने सहकारी आहेत. त्यांना नेमके महिने विचारून इथेच लिहितो.